जुना रिसीव्हर बदलायचा की स्पीकर? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

घरोघरी होम थिएटर बसवणं आणि बिघडलेलं दुरुस्त करणं हे माझं काम. ठाण्यात नौपाडा, वर्तकनगर, घोडबंदर आणि खाडीपलीकडे ऐरोलीपासून नेरूळपर्यंत फिरणं होतं. फोनवरच्या प्रश्नांचा सूर साधारण एकच असतो: "दहा-बारा वर्षं झाली हो, आता बदलू का?" माझा उलट प्रश्नही ठरलेला आहे: खटकतंय काय? आवाज खटकत असेल तर पैसे एका ठिकाणी घालायचे, जोडणी खटकत असेल तर दुसऱ्या ठिकाणी, आणि नुसतं वय खटकत असेल तर कुठेच नाही.

आधी जुनं काय होतं, रिसीव्हर की स्पीकर?

रिसीव्हर, म्हणजे सगळ्या यंत्रांचा आवाज घेऊन स्पीकरना ताकद देणारा डबा. तोही आवाजाच्या बाजूने क्वचित, बहुतेकदा मागच्या सॉकेटांच्या बाजूने. चित्र आणि आवाज एकाच केबलमधून नेणाऱ्या एचडीएमआय जोडणीचं १.४ हे व्हर्जन २००९ साली आलं. टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून रिसीव्हरकडे परत आणायची सोय त्यात होती, तिला आर्क म्हणतात. २०१३ मध्ये २.० आलं आणि फोर-के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंत जाऊ लागलं. २०१४ मध्ये डोक्यावरूनही आवाज आणणारं डॉल्बी ॲटमॉस थिएटरातून घरात उतरलं. २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ आणि त्याच्यासोबत ई-आर्क, म्हणजे जास्त भारी आवाज नेणारं आर्क. दर वेळी आधीचा रिसीव्हर 'जुना' ठरला, पण त्याच्या पोटातला ॲम्प्लिफायर होता तसाच वाजत राहिला.

स्पीकरला व्हर्जन नसतं. लाल आणि काळं अशी दोन टोकं, संपलं. ऐंशीच्या दशकातला धडधाकट स्पीकर आजच्या रिसीव्हरला जोडला तरी वाजतो. म्हणून स्पीकर घेताना हात सढळ ठेवा, रिसीव्हर घेताना आखडता.

टीव्ही फोर-के घेतला, रिसीव्हर जुना आहे. मधून केबल टाकली की पडदा काळा. आता नवा रिसीव्हर घ्यावाच लागणार ना?

नाही. फोर-के चित्रपटांना एचडीसीपी २.२ नावाचं कुलूप असतं आणि जुन्या रिसीव्हरकडे त्याची किल्ली नसते, म्हणून पडदा काळा होतो किंवा चित्र फुल एचडीवर घसरतं. पण चित्र रिसीव्हरमधून न्यायची सक्ती कुणी केली आहे? स्टिक, सेट टॉप बॉक्स, गेमचं यंत्र, सगळं थेट टीव्हीला जोडा आणि फक्त आवाज रिसीव्हरकडे आणा.

रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटपुटवर आर्क लिहिलेलं असेल तर तीच केबल पुरते. टीव्हीलाही आर्क लिहिलेल्या सॉकेटातच लावायची, बाकीच्यांत नाही. आर्क नसेल तर ऑप्टिकल केबल. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा सबवूफर) येतं, ओटीटीवरचं डॉल्बी डिजिटल प्लस येत नाही. बहुतेक टीव्ही ते साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून पाठवतात आणि सोफ्यावर बसलेल्या माणसाला फरक कळत नाही.

इथे एक सेटिंग हमखास चुकलेलं सापडतं. टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर असतं. आर्क किंवा ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे आवाजाचे दोनच चॅनेल, डावा आणि उजवा. मग मागचे स्पीकर वर्षभर मुके आणि घरमालक समजतो ते गेले. तिथे 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. एवढ्यावरच काही घरांतला विषय संपलेला आहे.

या पद्धतीत गमावता काय? ब्ल्यू-रे डिस्कवरचं डॉल्बी ट्रू-एचडी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेला आवाज, कारण त्याला ई-आर्क लागतं. ब्ल्यू-रे बघत नसाल तर फारसं काही नाही.

संवाद ऐकूच येत नाहीत, पार्श्वसंगीत मात्र कानठळ्या बसवतं. स्पीकर गेले का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि याच प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त पैसे फुकट घालवतात. रिमोट हातात धरून रात्रभर आवाज कमी-जास्त करणाऱ्या काकूंना नवा रिसीव्हर नको असतो, सेंटर स्पीकर, म्हणजे संवाद वाजवणारा मधला स्पीकर, जागेवर हवा असतो.

आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेवर कोणता मोड आहे ते बघा. 'स्टिरिओ' असेल तर सेंटर बंद असतो. बातम्या लावा आणि सेंटरच्या जाळीला कान लावा. निवेदकाचा आवाज तिथून यायला हवा. येत नसेल तर डॉल्बी सराउंड किंवा प्रो लॉजिक मोड लावा.

मग जागा. आपल्याकडे सुतार टीव्ही युनिट करताना सेंटरसाठी खाली एक कप्पा ठेवतो. स्पीकर त्यात सहा-आठ इंच आत ढकललेला, वर सेट टॉप बॉक्स, बाजूला गणपतीची मूर्ती, आणि पुढे काचेचं सरकतं दार. त्या कप्प्यात माणसाचा आवाज घुमतो आणि स्पष्टपणा मरतो. स्पीकर ओढून कप्प्याच्या कडेशी आणा. टीव्हीखाली असेल तर पुढच्या बाजूला दाराला लावतात तसं रबरी पाचर घालून तोंड वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. काचेचं दार काढून माळ्यावर टाका.

आडव्या सेंटरमध्ये मध्ये ट्वीटर (बारीक स्वरांचा) आणि दोन बाजूंना वूफर (जाड स्वरांचे) अशी रचना असेल, तर बाजूला बसणाऱ्याला आवाज मुळातच थोडा बोथट येतो. दोन वूफरमधून निघालेला आवाज त्याच्यापर्यंत पुढेमागे पोचतो आणि काही स्वर एकमेकांना मारतात. ज्याला कमी ऐकू येतं त्याला मधली जागा द्या.

त्यानंतर सेटिंग. सेंटर 'स्मॉल', क्रॉसओव्हर (ज्याच्याखालचा खर्ज सेंटरकडून काढून घेतला जातो ती सीमा) ८० हर्ट्झ, लेव्हल दोन-तीन डेसिबल वर. रात्रीसाठी बहुतेक रिसीव्हरमध्ये नाइट मोड किंवा डायनॅमिक व्हॉल्यूम असतं. ते मोठे आवाज दाबतं आणि हळू आवाज उचलतं. सिनेमाचे शौकीन नाक मुरडतात, पण शेजारच्या खोलीत बाळ झोपलं असेल तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका.

हे सगळं करूनही शब्द कळत नसतील तर टाळी वाजवून बघा. व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती, गॅलरीचं काचेचं दार, मोजकं फर्निचर असा नवा हॉल असेल तर टाळीमागून टणटण असा शेपूट ऐकू येतो. जाड पडदे, जमिनीवर सतरंजी आणि एका भिंतीला भरलेलं पुस्तकांचं कपाट याने जो फरक पडतो तो कोणत्याही शोरूममध्ये विकत मिळत नाही. यानंतरही तक्रार उरली तर मात्र सेंटर स्पीकरच बदला. शक्यतो पुढच्या दोन स्पीकरच्याच मालिकेतला घ्या, म्हणजे पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेलं तरी त्याचा आवाज बदलत नाही.

स्पीकर खरंच 'गेलाय' हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

जाळी काढा आणि कोनभोवतीची, म्हणजे पुढे-मागे हलणाऱ्या पडद्याभोवतीची, रिंग बघा. ती रबरी असेल तर बहुतेक निश्चिंत राहा. फोमची असेल तर पंधरा-वीस वर्षांत आपल्या दमट हवेत तिचा जीव जातो. बोट लावलं की काळा चिकट भुगा हाताला येतो, आणि खर्जाच्या जागी फडफड ऐकू येते. स्पीकर फेकू नका, फक्त रिंग नवी बसवता येते. बाकी कोन, कॉइल, मॅग्नेट जसेच्या तसे राहतात.

मग दोन्ही हातांची बोटं कोनवर सारख्या अंतरावर ठेवून अगदी हलकेच आत दाबा. मऊ गेलं तर ठीक. आत खरखर घासल्याचं जाणवलं तर कॉइल वाकडी झाली आहे किंवा जळून फुगली आहे. मल्टीमीटर असेल तर ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. काटा हललाच नाही तर कॉइल तुटलेली.

आणखी एक सोपी तपासणी. रिसीव्हरकडून दोन्ही वायरी काढा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर त्यांना टेकवा. सेलची अधिक बाजू लाल वायरीला. वूफर 'ठप्' करून पुढे आला पाहिजे. एक स्पीकर पुढे येतो आणि दुसरा मागे जातो असं दिसलं तर एकाची वायर उलटी आहे. दोघे एकमेकांचा खर्ज खातात, आणि माणूस म्हणतो की स्पीकरमध्ये दम उरला नाही. ट्वीटरची परीक्षा मात्र सेलने होत नाही, त्याच्या वाटेत सेलचा प्रवाह अडवणारा कंडेन्सर असतो.

खाडीकाठच्या इमारतींत आणखी एक रोग असतो, वायरीची टोकं हिरवी-काळी पडतात. इंचभर कापून नवीन तांबं उघडं करा आणि घट्ट कसा.

माझा रिसीव्हर ६० वॉटचा आहे, ८० वॉटचा घेतला तर आवाज वाढेल ना?

एका डेसिबलहून किंचित जास्त, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कदाचित कळेल. तीन डेसिबल वाढवायला वॉट दुप्पट लागतात आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट. उलट ८८ डेसिबलच्या जागी ९१ डेसिबल संवेदनशीलतेचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये जास्त मोठा वाजणारा, स्पीकर घेतला तर तोच जुना रिसीव्हर दुप्पट वॉटचा झाल्यासारखा वागतो. दहा फुटांवर बसून साधा सिनेमा बघताना बहुतेक वेळ एखाद-दोन वॉटच खर्च होत असतात, मोठे आकडे धमाक्याच्या क्षणापुरते.

खोक्यावरचा आकडा वाचताना बारीक अक्षरंही वाचा. दोन चॅनेल चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ असं लिहिलं असेल तर आकडा खरा माना. एकच चॅनेल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन असं असेल तर मनातल्या मनात निम्मा करा. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ नावाचे फुगवलेले, हजारांतले वॉटचे आकडे छापायचे, ती खोड पूर्ण गेलेली नाही.

रिसीव्हर चालू होतो आणि लगेच 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो.

आधी सगळ्या स्पीकरच्या वायरी काढून एकट्याने चालू करा. नीट चालला तर दोष वायरीत. पिळलेल्या तांब्यातली एखादी तार शेजारच्या टर्मिनलला किंवा पत्र्याला टेकलेली असते. एकेक वायर परत लावत गेलात की चोर सापडतो. गणपतीत गॅलरीत दोन जादा स्पीकर त्याच टर्मिनलला जोडले होते का, तेही आठवा. ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ ओहम होतात, आणि दिवसभर आरत्या वाजवताना लहान रिसीव्हर तापून स्वतःला बंद करतो. त्यात त्याची चूक नाही.

वायरी काढूनही प्रोटेक्ट आलं तर आतला भाग गेला आहे. वारंवार चालू करून बघू नका.

दुरुस्त करू की नवाच घेऊ?

माझा ठोकताळा असा: दुरुस्तीचा खर्च तशाच नव्या रिसीव्हरच्या एक तृतीयांशापर्यंत असेल आणि दोष साधा असेल तर दुरुस्त करा. साधा म्हणजे रिले, फुगलेला कंडेन्सर, सुटलेलं सोल्डर, खरखरणारा व्हॉल्यूम, झुरळं. हो, झुरळं. उबदार अंधारी जागा आणि वरून जाळी, त्यांना आणखी काय हवं? कधी ट्रान्सफॉर्मरजवळ वाळलेली पालही निघते. ब्रश आणि क्लीनरने साफ करून कितीतरी रिसीव्हर पुन्हा उभे राहतात.

एचडीएमआय बोर्ड गेला असेल तर वेगळा विचार करा. तो बोर्ड कंपनीकडेच मिळतो, दहा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही, आणि मिळाला तर किंमत ऐकून बसायला खुर्ची लागते. अशा वेळी ऑप्टिकलवर चालवा. ॲम्प्लिफायर ठणठणीत असेल तर तो आणखी काही वर्षं काढतो. ठाण्यात सुटे भाग मिळाले नाहीत तर लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. स्पीकरच्या रिंगा, टर्मिनल, कंडेन्सर तिथे सुटे मिळतात. जुना भाग सोबत न्या, तोंडी वर्णनावर घेतलेली वस्तू बसत नाही.

रिसीव्हर टिकवायचा असेल तर त्याला श्वास घेऊ द्या. कंडेन्सरचं तापमान दहा अंशांनी उतरलं तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. वर किती जागा मोकळी हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं त्याहून ती बरीच जास्त असते. रिसीव्हरवर सेट टॉप बॉक्स ठेवणाऱ्या घरात मी शिरल्या शिरल्या तो आधी उचलतो. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तासभर तरी चालवा. वीज गेली की मुख्य स्विच बंद करा आणि परत आल्यावर दहा मिनिटांनी लावा, परत येतानाचा झटकाच जास्त बाधतो.

ॲटमॉससाठी रिसीव्हर बदलावा का?

छत बघा, मग मला विचारा. ॲटमॉसची गंमत डोक्यावरून येणाऱ्या आवाजात आहे. वर स्पीकर लावायला जागा नसेल किंवा घरच्यांची परवानगी नसेल, तर नुसता ॲटमॉस लिहिलेला रिसीव्हर आणून पुढे तेच पाच स्पीकर वाजवण्यात अर्थ नाही. जुना रिसीव्हर तोच सिनेमा ५.१ मध्ये वाजवतोच. ॲटमॉस न ओळखणारं यंत्र त्यातला ५.१ चा भाग घेऊन चालतं, आवाज बंद पडत नाही.

पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल किंवा करायचं असेल तर मात्र संधी चांगली आहे. बसायच्या जागेच्या किंचित पुढे, डावी-उजवीकडे, छतात दोन स्पीकर. याला ५.१.२ म्हणतात आणि त्याला सात चॅनेलचा रिसीव्हर लागतो. छताला हात लावायचा नसेल तर वर तोंड करून छतावरून आवाज परतवणारे स्पीकर मिळतात. साध्या सपाट छताखाली, आपल्याकडच्या नऊ-साडेनऊ फुटांत, ते बऱ्यापैकी काम करतात. छताला कोव्ह, झुंबर, पंखा आणि नक्षी असेल तर पैसे वाचवा.

ओटीटीवरचं ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतं, ते साध्या आर्कमधूनही जाऊ शकतं. केवळ त्यासाठी ई-आर्कवाला टीव्ही घ्यायला धावू नका.

दणका हवाय. सबवूफर घेऊ का? शेजाऱ्यांचं काय?

लहान स्पीकर असलेल्या घरात सबवूफर हा सगळ्यात मोठा बदल असतो, रिसीव्हर बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा. पण तो कोपऱ्यात ढकलून मोकळं होऊ नका. दहा फुटी भिंतींच्या मध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो, बारा फुटी मध्ये ४७ चा. खोली दहा बाय दहा असेल तर दोन्ही दिशांना एकच स्वर घुमतो, ती सगळ्यात वाईट. म्हणून काही नोटा गडगडतात आणि काही गायब होतात. उपाय विचित्र दिसतो पण लागू पडतो: सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, खर्ज असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे खर्ज एकसारखा आणि आटोपशीर ऐकू येतो तिथे सबवूफर ठेवायचा. मुलं हसतील, हसू द्या.

शेजाऱ्यांबद्दल: खालच्या मजल्यावर जे पोचतं ते स्लॅबमधून. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घातला तर जमिनीची थरथर कमी होते, हवेतून जाणारा खर्ज मात्र थांबत नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नियम पाठ करण्यापेक्षा एकदा खालच्या घरी जाऊन स्वतः ऐका. सेक्रेटरीकडे तक्रार जाण्याआधी ऐकलेलं बरं.

दिवाळीच्या ऑफरमध्ये घेतलेलं डीव्हीडीवालं होम थिएटर आहे. त्याचे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडता येतील?

सहसा नको. त्या संचातले स्पीकर बऱ्याचदा तीन-चार ओहमचे असतात, प्लगही कंपनीचे खास, आणि सबवूफरला स्वतःचा ॲम्प्लिफायर नसतो, त्यामुळे तो रिसीव्हरच्या सबवूफर पॉइंटला चालतच नाही. इथे रिसीव्हर आणि स्पीकर यांत निवड नाही, दोन्ही जातात. घाई नसेल तर पुढचे दोन चांगले स्पीकर आणि रिसीव्हर आधी घ्या, बाकीचे पुढल्या वर्षी.

सगळं काढून साउंडबार घेतला तर?

चांगले बुकशेल्फ किंवा उभे स्पीकर घरात असतील तर तोटा होईल, आणि तो पहिल्याच संध्याकाळी कळेल. पण घरात आई-बाबा एकटे असतील, बघायचं म्हणजे मालिका आणि बातम्या, आणि तीन रिमोट बघून त्यांना घाम फुटत असेल तर साउंडबार हाच शहाणपणा. त्याआधी एकदा टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे एचडीएमआय कंट्रोल चालू करून बघा. टीव्हीच्या रिमोटने रिसीव्हर चालू-बंद होतो, आवाजही वाढतो, आणि साउंडबारचा विषय निघतच नाही.

भावाने अमेरिकेतून रिसीव्हर आणलाय. चालेल का?

मागचं लेबल वाचल्याशिवाय प्लग लावू नका. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो एका क्षणात जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण तो रिसीव्हरच्या कमाल वॉटला पुरेल एवढा हवा. असा ट्रान्सफॉर्मर जड असतो, गरम होतो आणि कधी कधी गुणगुणतो. इथे वॉरंटीही मिळत नाही.

सेकंडहँड घेताना फोनवर गाणं लावून सातही चॅनेल वाजवून घ्या, प्रत्येक एचडीएमआय सॉकेटात केबल घालून बघा, आणि त्या मॉडेलबरोबर आलेला सेटिंगचा माइक मागा. खोलीप्रमाणे आवाज जुळवणारी सोय यामाहाचं वायपाओ असो की डेनॉन-मरांट्झमधलं ऑडिसी, माइक नसेल तर खोलीची मोजणी होत नाही.

महाग केबलने फरक पडतो?

स्पीकरसाठी साधी शुद्ध तांब्याची १६ गेज वायर, अंतर जास्त असेल तर त्याहून जाड १४ गेज. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त वायर घेऊ नका. याच्यापुढे नाही.

टीव्हीची डिश किंवा केबल जोडली की स्पीकरमध्ये घूं आवाज येतो. रिसीव्हर गेला?

अँटेनाची जाड वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बघा. घूं थांबला तर अर्थिंगचा घोळ आहे, रिसीव्हर निर्दोष. त्या वायरीवर आयसोलेटर लावा आणि इलेक्ट्रिशियनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्या.

आमची इमारत पुनर्विकासाला जातेय. आत्ता घेऊन भाड्याच्या घरात वापरू का?

थांबा. नव्या हॉलचा आकार, टीव्हीची भिंत, स्वयंपाकघर उघडं की बंद, यातलं काही हातात येईपर्यंत स्पीकर निवडणं म्हणजे अंदाजपंचे. भाड्याच्या घरात जुनं चालवा.

नव्या घराचा ताबा मिळाला की मात्र प्लास्टर आणि फर्निचर होण्याआधी मला नाही तरी इलेक्ट्रिशियनला बोलवा. टीव्हीच्या मागून रिसीव्हरच्या जागेपर्यंत दीड-दोन इंची पाइप भिंतीत घाला. एक इंची नको, एचडीएमआयचं तोंड वळणावर अडकतं. नंतर केबल ओढून घ्यायला आत ओढवायर सोडून ठेवा. मागच्या दोन स्पीकरसाठी आणि छतासाठी वायरी आत्ताच टाका, स्पीकर नंतर आले तरी चालेल. एचडीएमआय पाच मीटरपेक्षा लांब जाणार असेल तर फायबरची केबल घ्या. तिला दिशा असते, एक टोक यंत्राकडचं आणि एक टीव्हीकडचं, ते भिंतीत घालण्याआधी बघा. बिल्डरचा माणूस म्हणेल, "साहेब, हल्ली सगळं वायरलेस असतं." वायरलेस स्पीकरलाही विजेचा पॉइंट लागतो, हे त्याला आठवण करून द्या.

दोन्ही बदलायचे आहेत, पण पैसे एकाच वेळी नाहीत. क्रम काय?

रिसीव्हर चालू असेल तर आधी पुढचे दोन स्पीकर आणि सेंटर, मग सबवूफर, मग रिसीव्हर, शेवटी मागचे आणि छतातले. रिसीव्हर बंद पडला असेल तर नाइलाज आहे, पण तेव्हाही सगळ्यात वरचं मॉडेल नको. मधल्या पट्टीतला, प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरसाठीची सॉकेटं) असलेला घ्या. पुढे जास्त ताकद लागली तर वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो.

एकच अपवाद: मुलाचा गेमचा नाद. फोर-के सेकंदाला १२० फ्रेमने खेळायचं आणि यंत्र रिसीव्हरलाच जोडायचं असेल तर एचडीएमआय २.१ लागतं. सेकंडहँड बघत असाल तर २०२० च्या सुमाराला आलेल्या पहिल्या काही २.१ रिसीव्हरांपासून जपून. त्यांतल्या काहींच्या चिपमध्ये नेमका हाच सिग्नल अडकायचा. किंवा गेम थेट टीव्हीला जोडा, मुलाला काही फरक पडत नाही.

जुन्या रिसीव्हरचं काय करू?

चालू असेल तर बेडरूममध्ये दोन स्पीकर आणि एक ब्लूटूथचा छोटा डबा जोडून गाण्यांसाठी वापरा. जुन्या जड ट्रान्सफॉर्मरचे रिसीव्हर दोन चॅनेलवर फार छान वाजतात. बंद असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी माझ्यासारख्या कुणाला विचारा, आतले रिले, टर्मिनल, रिमोट दुसऱ्या कुणाचा रिसीव्हर जगवतात. अगदीच निरुपयोगी असेल तर अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या. माइक आणि रिमोट खोक्यात राहिलेत का ते बघून, आणि वायफायला जोडलेला असेल तर फॅक्टरी रिसेट करून.